आवडता पण बेभरवशाचा डेक स्पर्धेत कसा टिकवायचा

काही डेक (खेळाडूने स्वतः निवडून बांधलेले कार्डांचे संच) असे असतात की लागले तर चौथ्या टर्नपर्यंत डाव खिशात, आणि नाही लागले तर समोरच्याला फारसं काही करावंच लागत नाही. मॅजिक: द गॅदरिंग या कार्ड गेममध्ये माझा असा डेक म्हणजे ड्रेज. ‘एवढा सराव करतोस, मग एखादा भरवशाचा डेक का घेत नाहीस?’ हे मी जवळजवळ प्रत्येक स्पर्धेत ऐकतो. मला हाच डेक खेळायचा आहे, आणि जिंकायचंही आहे. तुमचंही तसंच असेल, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी. उदाहरणं मी माझ्या खेळातली देतो. हिशेब मात्र कुठल्याही कार्ड गेमला लागू पडेल.

१. नेमका धोका कुठे आहे ते लिहून काढा

ड्रेजची युक्ती 2005 च्या रॅव्हनिका सेटमध्ये आली. नवं कार्ड उचलायच्या ऐवजी लायब्ररीवरची (म्हणजे आपल्या उचलायच्या गड्डीवरची) ठरावीक कार्डं ग्रेव्हयार्डात (टाकलेल्या कार्डांच्या ढिगात) टाकायची आणि ड्रेजचं कार्ड तिथून हातात परत घ्यायचं. स्टिंकवीड इम्प असेल तर 5 कार्डं, गोल्गारी ग्रेव्ह-ट्रोल असेल तर 6. सगळा खेळ ग्रेव्हयार्डातून चालतो, त्यामुळे ग्रेव्हयार्ड बंद करणारं एक कार्ड समोरून आलं की पंचाईत होते.

बरीच वर्षं मला वाटायचं की मी हरतो ते या एका कार्डामुळेच. मग वही सुरू केली. प्रत्येक हरलेल्या डावानंतर एकच ओळ: डेक जुळलाच नाही, समोरच्याकडे उतारा होता, तो माझ्याहून वेगवान होता, की माझी चूक झाली? वही भरत गेली तसं दिसलं की उताऱ्यापेक्षा जास्त डाव मी सुरुवातीची चुकीची सात कार्डं ठेवल्यामुळे घालवले होते. हे कळलं नसतं, तर मी डेकलाच दोष देत बसलो असतो.

२. आकडे पाठ करा

60 कार्डांचा डेक, पहिली 7 कार्डं. एखाद्या कार्डाच्या 4 प्रती असतील, तर त्यातली निदान एक पहिल्या सातात येण्याची शक्यता साधारण 40 टक्के. तेच काम करणारी 8 कार्डं असतील तर 65 टक्के, 12 असतील तर 81. पण दोन वेगवेगळी कार्डं एकदमच हवी असतील, आणि दोन्हींच्या चार-चार प्रती असतील, तर शक्यता घसरून साडेचौदा टक्क्यांवर येते.

म्हणून डेक बांधताना ‘हे कार्ड किती जबरदस्त आहे’ याआधी ‘याचं काम करणारं दुसरं कार्ड कोणतं’ हे विचारा. थोडं कमी ताकदीचं पण तेच काम करणारं पाचवं, सहावं कार्ड डेकला सगळ्यात जास्त स्थिर करतं. माझ्या मते डेकबांधणीत यासारखी दुसरी सुधारणा नाही.

त्यात 2019 पासून मलिगनचा, म्हणजे न आवडलेला हात परत करून नवा उचलण्याचा, नियम आपल्या बाजूचा आहे. प्रत्येक वेळी पूर्ण सात कार्डं उचलायची आणि जितके मलिगन घेतले तितकी तळाला ठेवायची. म्हणजे 8 प्रतींपैकी एक हवी असेल, तर दोन प्रयत्नांत ती दिसण्याची शक्यता 88 टक्के होते.

हेच आकडे समोरच्यालाही लागू आहेत. लेलाइन ऑफ द व्हॉइड हे ग्रेव्हयार्ड बंद करून ड्रेजचा घात करणारं कार्ड. सुरुवातीच्या हातात असेल तर ते फुकटात टेबलावर उतरतं. प्रतिस्पर्ध्याने चारही प्रती ठेवल्या, तरी पहिल्या सातात ती त्याला 40 टक्के वेळाच मिळणार. तिच्यासाठी त्याने एक मलिगन घेतला तर 64 टक्के, आणि तेव्हा त्याच्या हातातलं एक कार्ड कमी झालेलं असतं. ती आलीच नाही असे डाव बरेच असतात.

३. सुरुवातीच्या सात कार्डांचा वेगळा सराव करा

माझा सगळ्यात जास्त वेळ यावर जातो, आणि तो जायलाच हवा. डेक पिसा, सात कार्डं उचला, दहा सेकंदांत ठरवा: ठेवायची की परत करायची. कारण मोठ्याने बोला. मग एकट्यानेच पहिल्या तीन टर्न खेळून बघा. रोज असे वीस हात.

एक हात असा आला: दोन लँड (बाकीची कार्डं खेळायला ताकद पुरवणारी कार्डं), दोन स्टिंकवीड इम्प, दोन प्राइझ्ड ॲमॅल्गम, एक नार्कोमीबा. डेकमधली सगळी लाडकी कार्डं एका जागी, बघूनच मन हरखतं. पण इम्पला ग्रेव्हयार्डात पाठवणारं एकही कार्ड त्यात नाही. असा हात परत करायचा.

दुसरा हात: दोन लँड, एक फेथलेस लूटिंग, एक इम्प आणि तीन किरकोळ कार्डं. दिसायला अगदीच गरीब. पण पहिल्याच टर्नला लूटिंगने दोन कार्डं उचलून दोन टाकता येतात. त्यात इम्प गेला की पुढच्या टर्नला पाच कार्डं ग्रेव्हयार्डात, आणि गाडी सुरू. हा हात डोळे झाकून ठेवावा.

स्पर्धेत, थकलेल्या डोक्याने, घड्याळ पुढे सरकत असताना हा फरक पटकन दिसायला हवा असेल, तर तो आधी शेकडो वेळा बघितलेला असावा लागतो. डेक वर्षानुवर्षं न बदलण्याचा खरा फायदा इथे मिळतो.

४. साइडबोर्डिंगमध्ये हात आखडता ठेवा

साइडबोर्डात, म्हणजे दोन डावांच्या मधे डेकमध्ये अदलाबदल करायला बाजूला ठेवलेल्या गठ्ठ्यात, 15 कार्डं असतात, म्हणून ती सगळी वापरायची नसतात. एका स्पर्धेत टॉप एट (शेवटचे आठ खेळाडू) ठरवणारा राउंड होता. पहिला डाव मी जिंकला. दुसऱ्यासाठी घाबरून लेलाइनवरचे उतारे म्हणून सात कार्डं आत घेतली आणि त्यांच्या जागी डेकचाच कणा मोडणारी सात बाहेर काढली. त्या डावात लेलाइन आलीच नाही. माझ्या हातात तीन उतारे बसून होते, लूटिंग नव्हतं, आणि समोरच्याने साध्या क्रीचर्सनी हल्ले करत मला संपवलं. तिसराही तसाच गेला.

तेव्हापासून घरीच कागदावर ठरवून जातो: कोणत्या डेकविरुद्ध कोणती कार्डं बाहेर, कोणती आत. आधी ‘बाहेर’ लिहायचं. बाहेर काढण्यासारखी तीनच कार्डं सापडली, तर आतही तीनच येतील. डेकचं मूळ काम अजून होतंय ना, हे बदललेल्या डेकचे दहा हात उचलून तपासायचं.

५. थोड्या निकालांवरून डेक मोडू नका

बरोबर निम्मे सामने जिंकणारा डेक घ्या. दहा सामन्यांत तो 7 किंवा जास्त जिंकण्याची शक्यता 17 टक्के, आणि 3 किंवा कमी जिंकण्याचीही तितकीच. डेक तोच, खेळाडू तोच. म्हणून एका वाईट शनिवारवर निर्णय घेऊ नका. किती सामन्यांनंतर फेरविचार करायचा तो आकडा आधीच ठरवा, निदान पन्नास तरी. त्याआधी बदल केलाच, तर एका वेळी एक-दोन कार्डांचाच, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

दोन राउंडच्या मधे वहीत ओळ लिहा, पाणी प्या, चक्कर मारून या. हरलेल्या डावाची कहाणी इतरांना सांगत बसू नका.

६. वारं कुठे वाहतंय ते बघा

ग्रेव्हयार्डच्या डेकना भरती-ओहोटी असते. ते जिंकू लागले की सगळ्यांच्या साइडबोर्डात उतारे येतात. महिनाभर कुणी खेळलं नाही की ते उतारे निघतात. तीच आपली वेळ. अलीकडच्या स्पर्धांतल्या विजेत्यांच्या याद्या बघा आणि ग्रेव्हयार्डविरोधी कार्डं किती आहेत ते मोजा.

चिकाटीचं फळ कसं मिळतं याचं मला आवडणारं उदाहरण लँटर्न कंट्रोलचं. समोरच्याच्या लायब्ररीवरचं कार्ड बघत राहायचं आणि नको ते उडवायचं, अशा या विचित्र डेकने झॅक एल्सिकने 2015 मध्ये ओक्लाहोमा सिटीची ग्रांप्री जिंकली. 2018 मध्ये बिल्बाओच्या प्रो टूरमध्ये लुईस साल्व्हात्तो त्याच डेकने विजेता ठरला.

७. थांबायचं कधी, तेही ठरवा

बंदी आली तर इलाज नसतो. मॉडर्न या स्पर्धाप्रकारात ग्रेव्ह-ट्रोल 2011 च्या पहिल्याच बंदी यादीत होता. जानेवारी 2015 मध्ये सुटला आणि जानेवारी 2017 मध्ये पुन्हा बंद झाला. ऑगस्ट 2019 मध्ये फेथलेस लूटिंगही गेलं. बंदी नसतानाही, योग्य हात ठेवून, बरोबर खेळून ठरवलेल्या पन्नास सामन्यांत सतत मार खात असाल, किंवा रोजचे वीस हात उचलायचा कंटाळा यायला लागला असेल, तर डेक बाजूला ठेवा. पण विकू नका.

मी लूटिंगच्या चारही प्रती जपून ठेवल्या होत्या. डिसेंबर 2024 मध्ये ती बंदी उठली. त्याच रात्री जुना डबा काढला, चिकटलेल्या स्लीव्ह एकेक करून सोडवल्या, डेक पिसला आणि सात कार्डं उचलली. तीन लँड, दोन इम्प, दोन ॲमॅल्गम. लूटिंग नव्हतं. परत केली आणि पुन्हा सात उचलली.