गाईड घेऊन एका दिवसात संभाजीनगर आणि वेरूळ: या चुका टाळा

सोमवारी रात्री साडेनऊला फोन येतो. "उद्या सकाळी पोचतोय. वेरूळ दाखवाल ना?" मला सांगावं लागतं, की उद्या मंगळवार आहे आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं. पलीकडचा माणूस गप्प होतो. पुण्याहून गाडी ठरलेली असते, हॉटेलचे पैसे भरलेले असतात, सासूबाईंना पहिल्यांदाच कैलास लेणं दाखवायचं असतं. मी छत्रपती संभाजीनगरात गाईडचं काम करतो. असे फोन दर महिन्याला येतात आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण ही चूक पाच मिनिटं आधी विचारलं असतं तर झालीच नसती.

तर पहिली गोष्ट हीच. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. लक्षात ठेवायला सोपं आहे: 'व'च्या आधी 'अ' येतो, मंगळवारच्या आधी सोमवार. आणि चूक झालीच असेल, तुम्ही मंगळवारी शहरात उतरलाच असाल, तर दिवस वाया गेला असं समजू नका. अजिंठा त्या दिवशी उघडं असतं. फक्त ते शंभरेक किलोमीटर लांब आहे, म्हणजे सकाळी सातच्या आत निघायला हवं. स्वतःची गाडी असो की भाड्याची, ती फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबते आणि पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसनेच जावं लागतं. इतका प्रवास नको असेल तर देवगिरीचा किल्ला, दुपारी खुलताबाद आणि संध्याकाळी बीबी का मकबरा हा मंगळवारचा माझा आवडता बेत आहे.

यादी लांब, दिवस छोटा

लोक व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवतात: देवगिरी, वेरूळ, घृष्णेश्वर, खुलताबाद, भद्रा मारुती, मकबरा, पाणचक्की. खाली लिहिलेलं असतं, 'सगळं एकाच रस्त्यावर आहे ना?' बरंचसं आहे, हे खरं. शहरातून निघालं की पंधरा किलोमीटरवर देवगिरी, मग खुलताबाद, मग वेरूळ. नकाशावर सगळं एका माळेत ओवल्यासारखं दिसतं. पण नकाशाला पायऱ्या दिसत नाहीत.

देवगिरी माथ्यापर्यंत चढून उतरायला अडीच ते तीन तास लागतात. साडेसातशेच्या आसपास पायऱ्या, मध्ये भुयारी 'अंधारी', तिच्यात वटवाघळांचा उग्र वास आणि पायाखाली असमान दगड. वेरूळला चार तासांपेक्षा कमी वेळ द्यायचा असेल तर गाईड घेण्यात फारसा अर्थ नाही, कारण मग मी फक्त तुमच्यापुढे धावणार. घृष्णेश्वराची रांग किती लांब असेल ते मलाही आधी सांगता येत नाही. श्रावणात, सोमवारी आणि महाशिवरात्रीला तर अजिबातच नाही.

काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाने हट्ट धरला, की आधी किल्ला, तोही माथ्यापर्यंत. एप्रिल महिना होता. आजोबा सत्तरीच्या पुढचे, पण उत्साह दांडगा. नातवंडांबरोबर ते माथ्याजवळच्या बारादरीपर्यंत चढले. उतरताना पाय थरथरायला लागले. दुपारी आम्ही कैलासासमोर उभे होतो तेव्हा आजोबा गाडीत डोळे मिटून पडले होते. ते मुळात कैलास बघायलाच आले होते. त्या दिवशी मी ठामपणे नाही म्हणायला हवं होतं. तेव्हापासून म्हणतो.

माझं मत स्पष्ट आहे: एक दिवस असेल तर वेरूळ हा त्या दिवसाचा कणा. त्याला जोडून एकच मोठी गोष्ट घ्या. देवगिरी हवाच असेल तर तो खालून बघा. हत्ती हौद, भारतमाता मंदिराचे जुने खांब, चांदमिनार, आणि मान वर करून तो तासून सरळ केलेला कडा. त्याला एक तास पुरतो. भिल्लम यादवाने बाराव्या शतकात इथेच राजधानी का वसवली, ते त्या कड्याखाली उभं राहिलं की मला फारसं समजावावं लागत नाही. माथा पुन्हा कधीतरी, हिवाळ्यात, सकाळी.

पुण्याहून पहाटे निघून त्याच दिवशी बघणं

पहाटे पाचला निघायचं, साडेदहा-अकराला पोचायचं, नाश्ता करायचा आणि बाराला गाईडला भेटायचं. असं करू नका. उन्हाळ्यात तर नकोच. वेरूळ सूर्योदयाला उघडतं आणि सकाळचे पहिले तीन तास या जागेचा सगळ्यात चांगला वेळ असतो. आदल्या रात्री मुक्कामाला या.

थेट कैलासाकडे धाव

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते, म्हणून इथे जरा थांबतो.

तिकीट खिडकी ओलांडली की समोरच १६ क्रमांकाचं लेणं, म्हणजे कैलास. साहजिकच सगळे तिकडे वळतात. तास-दीड तास फोटो होतात आणि मग बाहेर येऊन म्हणतात, "आता अजून काही बघण्यासारखं आहे का?" वेरूळला क्रमांक दिलेली ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. कैलास आधी बघितला की उरलेली सगळी फिकी वाटतात. आणि कैलासही खरा कळत नाही, कारण तो कशातून वाढत आला ते तुम्ही पाहिलेलंच नसतं.

मी उजवीकडून, म्हणजे दक्षिणेकडून सुरुवात करतो. आधी १० क्रमांक. त्याला 'सुताराची झोपडी' म्हणतात, कारण छताला दगडातच लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत. त्या फासळ्यांचा भार पेलण्यासाठी काहीही उपयोग नाही. लाकडी बांधकामाची आठवण कारागिरांच्या हातात उरली होती, ती दगडात उतरली. स्तूपासमोर बसलेले बुद्ध, आणि आवाज इतका घुमतो की एखादी ओळ म्हणून पाहाच. मग १२ क्रमांक, तीन तल. बाहेरून साधी तीन मजली इमारत, वरच्या मजल्यावर गेलं की ओळीने बसलेले बुद्ध. मग १५ क्रमांक, दशावतार. इथे राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा शिलालेख आहे. अंगणात एक मंडप सुटा कोरून काढलाय, आणि वरच्या मजल्यावर खांबातून हिरण्यकश्यपूकडे झेपावणारा नरसिंह.

आणि मग कैलास. दंतिदुर्गानंतर गादीवर आलेल्या त्याच्या काकाचा, पहिल्या कृष्णाचा, आठव्या शतकातला. आतापर्यंत तुम्ही डोंगराच्या पोटात शिरत होतात. इथे मात्र डोंगरच बाजूला केलाय आणि मध्ये उरलंय ते मंदिर. १५च्या अंगणातला तो सुटा मंडप ज्याने नुकताच पाहिलाय, त्याला इथे काय झेप घेतलीय ते एका क्षणात कळतं. माणसं बोलायची थांबतात. मी पण तेव्हा काही बोलत नाही.

उजेडाचं गणितही आधी माहीत असू द्या. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. सकाळी अंगणात सावली असते, गारवा असतो, गर्दी नसते. दुपारनंतर ऊन समोरून येतं आणि कोरीवकाम उजळतं. हिवाळ्यात आलात तर कैलास दुपारी अडीच-तीनपर्यंत मागे ठेवा. मार्च ते मे या दिवसांत मात्र मी सकाळी लवकर दोन-तीन लेणी करून साडेआठ-नऊपर्यंत कैलासात पोचतो. फोटो थोडे फिके येतात, पण तळपणाऱ्या दगडावर माणसं उभी राहू शकत नाहीत.

डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात. एका वेळी चार-पाच एसटी भरून मुलं. हे वाईट नाही, मुलांनी यायलाच हवं. पण तेव्हा कैलासात माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचत नाही. अशा वेळी सरळ जैन लेण्यांकडे निघा. ती दीडेक किलोमीटर उत्तरेला आहेत, म्हणून बहुतेक लोक टाळतात. ३२ क्रमांक, 'इंद्रसभा', हे माझं सर्वांत लाडकं लेणं. वरच्या मजल्यावर आंब्याच्या झाडाखाली बसलेली अंबिका, छताला कमळ, रंगांचे उरलेले तुकडे. परत याल तोवर सहली पुढे गेलेल्या असतात.

कोण येणार ते न सांगणं

'आम्ही सहा जण' एवढं सांगून भागत नाही. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला दम लागतो, लहान मूल किती वर्षांचं, कोणाला इतिहासात रस आहे आणि कोण फक्त सोबत आलंय, हे मला आदल्या दिवशी हवं असतं. कैलासाचं अंगण गुडघे दुखणाऱ्यालाही निवांत बघता येतं. हत्तींची रांग, रामायण-महाभारताचे पट, कैलास हलवणारा रावण, हे सगळं खालूनच दिसतं. वरच्या सभामंडपात जायला मात्र उंच पायऱ्या आहेत. हे आधी कळलं तर आजी खाली कुठे बसतील, तेवढ्या वेळात त्यांनी काय बघावं, ते मी ठरवून ठेवतो.

परदेशातून आलेले भाऊ-बहीण बरोबर असतील तर त्यांचं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) हॉटेलात ठेवून येऊ नका. परदेशी नागरिकांचं तिकीट आपल्यापेक्षा कितीतरी महाग असतं, आणि ओसीआय कार्ड असणाऱ्यांना भारतीयांच्या दरात प्रवेश मिळतो. पण ते दाखवावं लागतं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना कमरेवरचे कपडे काढून जावं लागतं आणि आत फोटो काढता येत नाहीत. घरातल्या कुणाला यात संकोच वाटत असेल तर रांगेत तासभर उभं राहिल्यावर नको, आधीच ठरवा. आज उभं असलेलं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात बांधून घेतलं. त्याआधी मालोजीराजे भोसल्यांनी जीर्णोद्धार केला होता. वेरूळ हे भोसल्यांचं गाव, हे आपल्यापैकी अनेकांना इथे आल्यावर पहिल्यांदा कळतं.

गाडीत गाईडला जागाच नसणं

हसू नका, हे नेहमी होतं. सात जणांची गाडी, सात माणसं. मग मी मागून मोटरसायकलवर. वाटेतल्या तासाभरात मी निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्याबद्दल सांगणार असतो. १६१० साली 'खडकी' नावाने त्याने वसवलेलं हेच शहर, डोंगरातून खापराच्या नळांनी शहरात आणलेलं पाणी, आणि त्याची खुलताबादची कबर. हे सगळं राहून जातं. एक सीट मोकळी ठेवा, शक्यतो पुढची.

पैशांचं आणि ओळखपत्राचं

ड्रायव्हर म्हणतो, "गाईड कशाला, मी दाखवतो ना." रस्ता तो उत्तम दाखवेल. लेण्यात तो आत येत नाही, गाडीपाशी थांबतो. गाईडकडे सरकारी ओळखपत्र असतं, ते मागून बघा. आम्हाला राग येत नाही. ठरवताना चार गोष्टी फोनवरच स्पष्ट करा: अर्धा दिवस की पूर्ण, किती माणसं, कोणती भाषा, आणि तिकीट, पार्किंग, जेवण त्यात आहे की नाही. बहुधा नसतं. मराठीत सांगणारा हवा असेल तर तसं मुद्दाम सांगा. हॉटेलवाले अनेकदा गृहीत धरतात की हिंदी चालेल.

दुकानांबद्दल. हिमरू (रेशीम आणि सुताचं विणलेलं कापड) आणि पैठणी ही इथली खरी कला आहे आणि ती बघायला जरूर जा. पण 'जाता जाता पाच मिनिटं' म्हणून दुपारी तुम्हाला दुकानात नेलं, तर समजा की त्या पाच मिनिटांचे पैसे कुणाला तरी मिळणार आहेत आणि तुमचा पाऊण तास जाणार आहे. सकाळीच सांगून ठेवा: खरेदी शेवटी, तीही आम्ही म्हणालो तर. माग चालू असलेल्या ठिकाणी न्यायला सांगा. हातमाग डोळ्यांसमोर चालताना पाहिला की पैठणीची किंमत तेवढी का असते ते कळतं.

गाईडकडून फक्त चमत्कार ऐकणं

"परग्रहावरच्यांनी बांधलं म्हणतात, खरं का?" हा प्रश्न आता रोज येतो. मी छिन्नीच्या खुणा दाखवतो. त्या जागोजाग दिसतात. ३० क्रमांकाचा 'छोटा कैलास' अर्धवट सोडलेला आहे. तिथे काम कुठे थांबलं ते डोळ्यांनी बघता येतं. माणसांनी केलंय, आपल्याच मातीतल्या माणसांनी, पिढ्यान्‌पिढ्या शिकत शिकत.

कथा ऐकायचीच असेल तर कोकसाची विचारा. राणीने प्रतिज्ञा केली, की मंदिराचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. सगळे कारागीर हतबल झाले. पैठणचा कोकस म्हणाला, मी आठवड्यात शिखर दाखवतो. त्याने वरून कोरायला घेतलं. दंतकथा आहे, पण तिच्यात कामाची खरी रीत जपली गेलीय: कैलास खरोखर आधी कळस मग पाया असाच उतरत गेला.

मध्येच बेत फसला तर

पाऊस धरला तर बसाल्ट निसरडा होतो. उघड्या पायऱ्या सोडा आणि १०, १२ सारख्या आतल्या लेण्यांत वेळ काढा. जोराचा पाऊस थांबल्यावर २९ क्रमांकापाशी धबधबा बघायला मिळतो. गाईडचं बोलणं फार भराभर किंवा फार तपशिलात जात असेल तर दुसऱ्याच लेण्यात सांगा, संध्याकाळी तक्रार नको. "दहा मिनिटं आम्हाला शांत बसू द्या" हेही सांगा. मला ते ऐकून आनंद होतो.

उशीर झाला, चार वाजले आणि अजून मकबरा, पाणचक्की बाकी असेल, तर पाणचक्की सोडा. मकबऱ्यात मावळतीच्या जरा आधी पोचा. ताजमहालाशी तुलना करत आत गेलात तर संगमरवर कुठे संपतो आणि गिलावा कुठे सुरू होतो एवढंच दिसेल. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही कबर तिचा मुलगा आझमशाह याने बांधवली असं सांगतात. मागे टेकड्या आहेत, आणि मावळतीचं ऊन घुमटावर दहा-पंधरा मिनिटंच टिकतं. तेवढ्यासाठी बागेतल्या पाण्याच्या कडेला बसायला जागा आधी धरून ठेवा.