पत्रक छापायला देण्याआधी अक्षरं गोठवा
गणपतीत चाकरमानी गावी येतात, तेव्हा लिब्रेऑफिसची (पत्रं, हिशेब वगैरे करायचं, कुणालाही वापरता-वाटता येणारं मुक्त सॉफ्टवेअर) ओळख करून देणारं पत्रक वाटायचा विचार असेल तर ते इंकस्केप या चित्रं-पत्रकं करायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये करा. मुक्त सॉफ्टवेअरची जाहिरात चोरीच्या सॉफ्टवेअरवर करणं काही बरं नाही!

खरी गोची प्रेसमध्ये होते. चिपळूण असो की कुडाळ, तिथल्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसला की ‘मुक्त’चा ‘मुक् त’ होतो आणि वेलांट्या भलतीकडे जातात. म्हणून पीडीएफ काढताना ‘मजकुराचे पाथ करा’ हा पर्याय निवडा. अक्षरं चित्रासारखी गोठतात, मग फॉन्ट लागतच नाही. मूळ फाइल मात्र वेगळी ठेवा, कारण नंतर ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही. फॉन्ट मुक्त परवान्याचा घ्या, मुक्ता किंवा बलू छान दिसतात.

ए५ पत्रक १४८ × २१० मिमी. कापणीसाठी चारही बाजूंनी रंग या मापाच्या ३ मिमी बाहेर जाऊ द्या.

पोस्टर एसटी स्टँडवर लावणार असाल तर लेझर प्रिंट काढा. साध्या इंकजेटची शाई श्रावणसरीत ओघळते. क्यूआर कोडखाली वेबसाइटचा पत्ता अक्षरांतही लिहा. वाडीत रेंज कुठे असते?