टीव्ही-पंखा दुरुस्त करताय? या चुका टाळा

दुरुस्त होण्यासारख्या कितीतरी वस्तू भंगारात जातात. मूळ बिघाड किरकोळच असतो, पण झाकण पहिल्यांदा उघडणाऱ्याच्या घाईने वस्तू कायमची जाते. नव्याने काम शिकणाऱ्या पोरांच्या हातून होणाऱ्या चुका वर्षानुवर्षे त्याच आहेत.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार. फ्यूज उगाच उडत नाही. वळवाच्या वाऱ्यात खांबावरची न्यूट्रल (परतीची) तार तुटली की घरात २३० ऐवजी ३५० ते ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. तेव्हा टीव्हीच्या पॉवर सप्लायमधला व्हीडीआर, फ्यूजजवळची ती चकती, स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवते आणि मागचा बोर्ड वाचवते. अशा वेळी बहुतेकदा १४डी४७१ नंबरची चकती आणि ३.१५ ॲम्पिअरचा फ्यूज एवढंच बदलायचं असतं. दोन्ही वस्तू थोडक्या रुपयांत मिळतात.

प्रत्यक्षात काय होतं? परभणीकडच्या खेड्यातला ३२ इंची टीव्ही रात्रीच्या वादळात बंद पडलेला असतो. पोरगं झाकण काढतं, काळा पडलेला फ्यूज बघतं, वायरीतली एक तार सोलून तिथे सोल्डर करतं आणि थेट प्लग लावतं. चकती अजून शॉर्टच असते. ती फुटते, ट्रॅक जळून उखडतो, घरातला एमसीबी पडतो. एमसीबी परत वर केला जातो. लाईनवर दाब चढाच असेल तर आता अडवायला चकतीही नसते. मेन कॅपॅसिटर (सप्लायमधला चार्ज साठवणारा मोठा कंडेन्सर) फुगतो, मॉस्फेट (सप्लायचा मुख्य ट्रान्झिस्टर) जातो आणि जाताना त्याला चालवणारी कंट्रोल आयसी घेऊन जातो. त्या मॉडेलचा बोर्ड बाजारात मिळाला नाही, की चांगल्या पॅनेलसकट टीव्ही भंगारवाल्याकडे.

फ्यूज काळाकुट्ट दिसला की मागे मोठा शॉर्ट आहे हे धरूनच चाला. प्लग काढा. मेन कॅपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास चार्ज राहिलेला असू शकतो, तो होल्डरमधल्या साध्या पिवळ्या बल्बमधून उतरवा आणि मीटरने शून्य झाल्याची खात्री करा. स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढण्यात कसलीही मर्दुमकी नाही. मग चकती, ब्रिजचे (एसीचं डीसी करणारे) डायोड आणि मॉस्फेट मीटरवर तपासा. नवा फ्यूज त्याच ॲम्पिअरचा घाला आणि पहिल्यांदा सुरू करताना १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे टीव्हीला जाणारी वीज त्यातूनच जाईल असा, ठेवा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर सप्लाय बहुधा ठीक. भगभगीत पेटून राहिला तर शॉर्ट अजून आहे, लगेच बंद करा. सिरीज बोर्ड नसलेल्या टेबलावर कुणाचा टीव्ही उघडूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही.

दुसरी चूक कंडेन्सरची. एप्रिल-मेमध्ये जालना, लातूर, बीडकडे कमी दाबाने पंखे मरगळतात. मग २.५ मायक्रोफॅरडच्या जागी ४ चा कंडेन्सर घालून पंखा ‘जोरात’ केला जातो. वाइंडिंग तापतं, वार्निश सुटतं आणि पंखा जळतो. आधी घरातला दाब मोजा, मग कंडेन्सर. २.५ चा कंडेन्सर मीटरवर १.७-१.८ दाखवत असेल तर दोष तिथेच, बसवायचा मात्र २.५ चाच. टीव्हीच्या बोर्डावरही तेच: फुगलेल्या १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टच्या जागी मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ अंशांपर्यंतची उष्णता सोसणारा. जुन्या बोर्डावरून काढलेला ८५ अंशांचा कॅपॅसिटर फार काळ टिकणार नाही.

फुगलेली मोबाईल बॅटरी दाबू नका, टोचू नका, परत चार्ज करू नका.

स्क्रू काढण्याआधी फोटो काढा. लांब स्क्रू आखूड जागी गेला की बोर्डाला भोक पाडतो.

प्लंबिंगचा ॲसिड फ्लक्स (सोल्डर धरावं म्हणून लावायची पेस्ट) बोर्डाला लावू नका, ट्रॅक खातो. रोझिनच वापरा.

मेलेला बोर्ड लगेच फेकू नका. ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, कनेक्टर आणि चांगल्या आयसी उतरवून मॉडेल नंबर लिहिलेल्या पाकिटात ठेवा. पुढच्या टीव्हीचा जीव त्यातूनच वाचतो. उरलेला सांगाडा तांब्यासाठी जाळणाऱ्याला देऊ नका, शिशाचा विषारी धूर गल्लीतल्या पोरांच्या छातीत जातो. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. एकेकट्या दुकानाचा माल थोडा असतो, म्हणून चार-पाच दुकानांनी बोर्ड एका पोत्यात साठवून नोंदणीकृत रिसायकलरला एकदम उचलायला सांगावेत. बॅटऱ्या त्या पोत्यात टाकू नका. टोकांना चिकटपट्टी लावून त्या वेगळ्या डब्यात ठेवा.