दमट हवेत टिकणारे स्पीकर घरच्या घरी कसे बांधावेत

स्पीकरची पेटी दिवाळीनंतर कापायला घ्यावी आणि मे महिना संपण्यापूर्वी तिच्यावर पॉलिशचा शेवटचा हात दिलेला असावा. गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात हवेत इतका ओलावा असतो की प्लायवूडच्या उघड्या कडा पाणी पितात, फेविकॉल सुकता सुकत नाही आणि फ्रेंच पॉलिश वाळताना पांढरे पडते. माझी पहिली जोडी मी ऐन श्रावणात बांधली होती. चवथीपर्यंत एका पेटीचा मागचा फळा असा वाकला की कोपऱ्यात पोस्टकार्ड सहज सरकावे. ड्रायव्हर, म्हणजे पेटीत बसवायचे प्रत्यक्ष आवाज काढणारे भाग, महागातले होते, त्याचा काही उपयोग झाला नाही. आपल्या हवेत आवाज आधी बिघडतो तो फटींमुळे, आणि म्हणून पुढील सर्व कृती पेटी हवाबंद करणे व तशी ठेवणे याच हेतूने सांगितली आहे.

पेटी बंद असावी की नळीची, हे आधी ठरवावे लागते. बाजारातल्या पुष्कळ स्पीकरांना पुढे किंवा मागे एक नळी असते आणि तिचे काम समजून घ्यायला घुमट या गोव्यातल्या मातीच्या तालवाद्याइतके चांगले साधन नाही. घुमटाच्या मडक्याला दोन तोंडे असतात. रुंद तोंडावर चामडे ताणलेले असते आणि अरुंद तोंड उघडे असते. वादक एका हाताने चामड्यावर थाप देतो आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने ते उघडे तोंड झाकतो, सोडतो, तेव्हा नाद बदलतो. कारण मडक्यातली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि तोंडातली हवा वजनासारखी मागेपुढे हलते, आणि तोंड किती उघडे आहे त्यावर त्या दोघींचा सूर ठरतो. स्पीकरची नळी हेच करते आणि खर्जाला एक मजला खाली उतरवते. माझ्या दुसऱ्या जोडीला अशी नळी होती. एका पावसाळ्यानंतर डाव्या बाजूचा खर्ज बसका वाटू लागला म्हणून मी तासभर वायरी आणि सोल्डरचे सांधे तपासले. अखेर नळीत बॅटरीचा उजेड टाकला, तर आत कुंभारमाशीने चिखलाची पाच घरे ओळीने बांधलेली. त्यानंतर मी नळीची पेटी बांधलेली नाही. बंद पेटीचा खर्ज तेवढा खोल जात नाही हे खरे, पण तो सावकाश उतरतो, कानाला स्वच्छ लागतो, आणि पाली, मुंग्या व माशा यांना आत वाट राहत नाही.

ड्रायव्हर निवडताना त्याच्या कोनाच्या, म्हणजे शंकूसारख्या पडद्याच्या, कडेला फोमची पट्टी नसून रबराची आहे ना, हे पाहावे, कारण दमट हवेत फोम काही वर्षांत भुगा होऊन गळतो. खालच्या स्वरांसाठी साधारण सव्वापाच इंचांचा वूफर आणि वरच्या स्वरांसाठी एक इंच घुमटाकार पडद्याचा ट्विटर ही जोडी घरातल्या खोलीला पुरेशी आहे. वूफरसोबत येणाऱ्या कागदावर एफएस (वूफरच्या स्वतःच्या नैसर्गिक कंपनाची वारंवारता), क्यूटीएस (ते कंपन किती लवकर शमते याचे माप) आणि व्हीएएस (कोनाइतकीच लवचिक असलेल्या हवेचे आकारमान) हे तीन आकडे असतात. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात पुढे नेलेल्या गणितामुळे या तीन आकड्यांवरून पेटीचे माप कागदावरच काढता येते. ज्या वूफरचा कागद मिळत नाही, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

गणित असे आहे. ०.७०७ या संख्येला क्यूटीएसने भागावे, आलेल्या संख्येचा वर्ग करावा, त्यातून १ वजा करावा आणि जे उरेल त्याने व्हीएएसला भागावे. म्हणजे पेटीतील हवेचे आकारमान मिळते. समजा क्यूटीएस ०.४५, व्हीएएस १४ लिटर आणि एफएस ५५ हर्ट्झ आहे, तर पेटी सुमारे ९.५ लिटरची होते आणि सुमारे ८६ हर्ट्झपासून खाली आवाज उतरू लागतो. वूफरचा मागचा भाग, क्रॉसओव्हर आणि आतली आधारपट्टी यांनी अडवलेली जागा म्हणून त्यात ०.८ लिटर मिळवावे. आतून १७ सेंमी रुंद, २२ सेंमी खोल आणि २७.५ सेंमी उंच अशी पेटी घेतली की १०.३ लिटर होतात.

लाकडाच्या बाबतीत काटकसर करू नये. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला फळा, कापायला सोपा आणि आवाजाला चांगला असतो, परंतु त्याला एकदा ओल लागली की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही. १८ मिमी जाडीचे, आयएस ७१० हा भारतीय मानकाचा शिक्का असलेले मरीन प्लाय घ्यावे. आयएस ३०३ चे साधे प्लाय कपाटाच्या आतल्या कप्प्यांना ठीक आहे. घरी जुना फणसाचा किंवा सागवानाचा फळा पडून असेल तर मोह होतो, पण भरीव लाकूड ऋतूप्रमाणे आडवे फुगते व आकसते, म्हणून ते दर्शनी पट्टीपुरते वापरावे आणि पेटी प्लायचीच करावी. वरील मापाच्या एका पेटीला ३१.१ × २५.६ सेंमीच्या दोन बाजू, १७ × २५.६ सेंमीचे वरचा व खालचा असे दोन फळे आणि १७ × २७.५ सेंमीचे पुढचा व मागचा असे दोन फळे लागतात. आठ बाय चारच्या अर्ध्या शीटमध्ये जोडी आरामात बसते. हे तुकडे सुतारमेस्तांच्या टेबल करवतीवर कापून घ्यावेत. सारख्या मापाचे सगळे तुकडे करवतीची पट्टी न हलवता एकाच बैठकीत कापायला सांगावे, कारण दोन तुकड्यांत एक मिलिमीटरचा फरक पडला तरी तो शेवटी कोपऱ्यात फट होऊन बाहेर येतो. वूफर आणि ट्विटरची छिद्रे फळे जोडण्याआधीच जिगसॉने कापून कानसेने साफ करावीत.

चिकटवण्याच्या वेळी चार-सहा मोठे क्लॅम्प लागतात आणि ते महाग असतात. मी सायकल चालवतो, त्यामुळे घरात पंक्चर काढून काढून निकामी झालेल्या ट्यूब असतातच; त्या याकरिता उत्तम आहेत. व्हॉल्व्हचा भाग कापून टाकला की सुमारे दोन मीटर लांबीचा रबरी पट्टा मिळतो. फळ्यांच्या कडांना फेविकॉल लावून पेटी जुळवावी, ट्यूबचे एक टोक एका बाजूला दाबून धरावे आणि पट्टा जोराने ताणून पेटीभोवती वेढा द्यावा. प्रत्येक वेढ्यागणिक दाब वाढत जातो आणि तिसऱ्या-चौथ्या वेढ्याला सांध्यातून फेविकॉलची पांढरी रेघ सर्वत्र सारखी बाहेर येऊ लागते. जेथे ती रेघ येत नाही, तेथे फळा टेकलेला नाही असे समजावे आणि तो वेढा सोडून पुन्हा घालावा. त्यानंतर पेटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. ते सारखे नसतील तर पेटी गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांवर हाताने दाब दिला की ती जागेवर येते, मात्र हे पहिल्या दहा मिनिटांतच करावे लागते. बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्याने पुसावा आणि पेटी दुसऱ्या दिवसापर्यंत हलवू नये. सुकल्यावर आतल्या सर्व कोपऱ्यांवर बोटाने फेविकॉलची आणखी एक जाड रेघ ओढावी.

सँडिंग सीलरचे, म्हणजे लाकडाची छिद्रे बुजवणाऱ्या लेपाचे, दोन हात बाहेरून द्यावेत, तसेच आतूनही द्यावेत. आतून कोण बघणार, या विचाराने बहुतेक जण ते टाळतात आणि नेमका त्यामुळेच फळा वाकतो, कारण एक बाजू ओल घेते व दुसरी घेत नाही. छिद्रांच्या कापलेल्या कडांना तिसरा हातही द्यावा. पेटीत भरण्यासाठी उशीत घालतात तो पॉलिएस्टरचा पिंजलेला धागा वापरावा. सावरीचा कापूस ओल धरतो आणि खाली बसतो.

क्रॉसओव्हर म्हणजे खालचे स्वर वूफरकडे आणि वरचे ट्विटरकडे पाठवणारी छोटी मांडणी. आठ ओहमचे ड्रायव्हर आणि ३००० हर्ट्झची सीमा धरली, तर लिंकविट्झ-रायली पद्धतीच्या दुसऱ्या श्रेणीच्या मांडणीसाठी ३.३ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर आणि ०.८५ मिलिहेन्रीच्या दोन कॉइल दर पेटीला लागतात. ट्विटरच्या वाटेत कपॅसिटर ओळीत व कॉइल समांतर, तर वूफरच्या वाटेत कॉइल ओळीत व कपॅसिटर समांतर जोडावा आणि ट्विटरच्या दोन तारा उलट लावाव्यात. या पद्धतीत ते आवश्यकच आहे. ट्विटर बहुधा वूफरपेक्षा मोठ्याने वाजतो. त्याला तीन डेसिबल खाली आणायला ओळीत २.२ ओहम आणि ट्विटरला समांतर २० ओहमचा रेझिस्टर पुरतो. दोन्ही कॉइल एकमेकींपासून दूर आणि काटकोनात ठेवाव्यात, नाहीतर एकीचे चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरते. समुद्राकाठच्या हवेत उघडे तांबे हिरवे पडते, म्हणून कलई केलेली तार घ्यावी आणि सोल्डर केल्यावर सांध्यांवर वॉर्निशचा थेंब सोडावा. पेटी सहाही बाजूंनी कायमची बंद असल्यामुळे पुढे दुरुस्ती वूफरच्या छिद्रातूनच करावी लागते. क्रॉसओव्हरची पाटी त्यातून जाईल एवढीच ठेवावी.

ड्रायव्हर बसवताना पुन्हा सायकलची ट्यूब काढावी. ती उभी चिरून सपाट करावी, ड्रायव्हरच्या कडेच्या मापाचे कडे कात्रीने कापावे आणि स्क्रू आवळण्यापूर्वी मध्ये घालावे. ट्यूबचे रबर हवा धरून ठेवण्यासाठीच बनवलेले असते. स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळावेत.

आता पेटी तपासावी. वूफरच्या कोनावर मध्याच्या टोपीभोवती चारी बोटे टेकवून तो हलकेच आत दाबावा आणि सोडावा. तो सावकाश, जणू आळस देत परत आला, तर पेटी हवाबंद आहे; टपकन परत आला तर कोठेतरी फट आहे. ती शोधायला ३० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावून सांध्यांजवळून पेटती उदबत्ती फिरवावी. जेथे धूर थरथरतो, तेथे गळती आहे.

अॅम्प्लिफायरबद्दल थोडेच सांगतो. टीपीए ३११६ या चिपचे तयार बोर्ड आणि लॅपटॉपचा १९ व्होल्टचा जुना अडॅप्टर एवढ्यावर आठ ओहमच्या स्पीकरला २० वॅटच्या आसपास शक्ती मिळते आणि ती दिवाणखान्याला पुष्कळ होते. या बोर्डावर स्पीकरची काळी तारसुद्धा जिवंत असते. ती अर्थला किंवा दुसऱ्या बाजूच्या काळ्या तारेला कधीही जोडू नये.

ऐकून ट्विटरचा रेझिस्टर बदलण्याचे काम रात्री करू नये. दिवसभराच्या आवाजाने थकलेला कान वरचे स्वर वाढवायला सांगतो आणि सकाळी तेच टोचतात. मी रविवारी पहाटे जुने गोवे येथून फेरीबोटीने सायकलसह दिवाडी बेटावर जाऊन येतो आणि परत आल्यावर, पंखा लावण्याआधी, अर्धा तास ऐकतो. त्या वेळी ठरवलेला रेझिस्टर मला पुन्हा बदलावा लागलेला नाही. केसरबाई केरकर किंवा मोगूबाई कुर्डीकर यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर गळ्याचा पोत नीट पारखता येतो, परंतु त्यांत वरचे स्वर फारसे नसल्यामुळे ट्विटरचा दोष झाकला जातो. त्याकरिता भजनातील टाळांचे चांगले अलीकडील ध्वनिमुद्रण लावावे.

पहिला पावसाळा उतरला की, म्हणजे ऑक्टोबरात, सर्व स्क्रू पाव फेरा आवळून पाहावेत आणि कोन दाबण्याची तपासणी पुन्हा करावी. कोन टपकन परत येत असेल, तर आधी ट्यूबचे कडे बदलून पाहावे. पेटीला हात नंतर लावावा.