पायांच्या वळवळीची गोळी आणि अनावर सवयी: कसं ओळखाल, काय कराल

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पायांत वळवळ सुरू होते आणि उठून चार फेऱ्या मारल्याशिवाय चैन पडत नाही. या रेस्टलेस लेग्ज आजारावर प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोलची गोळी दिली जाते, कधी रोटिगोटिनचा पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची औषधी पट्टी. आराम लवकर पडतो. पण ही औषधं डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाची नक्कल करतात, आणि पायांबरोबरच मेंदूतल्या ‘अजून हवं’ अशी ओढ लावणाऱ्या भागावरही त्यांचा जोर चालतो. त्यामुळे काही जणांचा जुगार, खरेदी, खाणं किंवा कामेच्छा हाताबाहेर जाते. वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण साधारण 6 ते 17 टक्के आढळलं आहे. यात संस्कार कमी पडले, मन दुबळं होतं, असं काही नसतं.

गोळी सुरू करण्याआधी

पूर्वी जुगार, दारू किंवा अनावर खर्चाचा त्रास झाला असेल, तर तो डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. औषधाची निवडच बदलू शकते. घरातल्या एका माणसाला या परिणामाची कल्पना द्या. हे फार महत्त्वाचं आहे, कारण ज्याला ओढ लागते त्याला आपलं काही चुकतंय असं बहुधा वाटतच नाही. बायकोला किंवा मुलाला ते आधी दिसतं.

महिन्यातून एकदा तपासा

हा परिणाम पहिल्या आठवड्यातच दिसेल असं नाही, कित्येकदा काही महिन्यांनी डोकं वर काढतो. डोस वाढवल्यावर विशेष लक्ष ठेवा. महिन्याच्या शेवटी दोघांनी मिळून बँकेचं स्टेटमेंट आणि यूपीआयचे व्यवहार पाहा: रात्री उशिराची खरेदी, एकाच अ‍ॅपवर पुन्हा पुन्हा भरलेले पैसे, शेअर बाजारातल्या ऑप्शन्समधले नवे सौदे, लॉटरी. रात्री उठून डबे रिकामे होतात का? पॉर्नमध्ये तास जातात का? एकच कपाट दिवसभर लावत बसणं, नीट चालणारा मिक्सर उगाच सुटा करून पुन्हा जोडणं, हेही याच यादीत येतं. लपवाछपवी सुरू झाली असेल, तर वाट पाहू नका.

लक्षण दिसल्यावर

गोळी एकदम बंद करू नका. इथे अनेकांची चूक होते. अचानक थांबवल्यास पायांचा त्रास दुप्पट जोरानं उसळतो, रात्र रात्र झोप लागत नाही. शिवाय घबराट, घाम, खोल उदासी येऊ शकते. त्याच आठवड्यात डॉक्टरांची भेट घ्या आणि सरळ सांगा: ‘ही गोळी सुरू झाल्यापासून अमुक सवय लागली आहे.’ लाज वाटत असेल तर कागदावर लिहून द्या. डोस टप्प्याटप्प्यानं उतरवतात, आणि प्रामिपेक्सोलची 0.125 मिलिग्रॅमची छोटी गोळी मिळत असल्यानं ते जमतं. प्रामिपेक्सोलऐवजी रोपिनिरोल घेऊन सहसा प्रश्न सुटत नाही, गट तोच आहे. डोस उतरताना जीव नकोसा वाटला, तर लगेच डॉक्टरांना कळवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची 14416 ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

तोवर पैशाला कुंपण घाला. यूपीआयची रोजची मर्यादा कमी करा, क्रेडिट कार्ड घरच्यांकडे द्या, झटपट कर्ज देणारी अ‍ॅप काढून टाका.

पायांचं काय?

आधी लोह तपासा. सकाळी उपाशीपोटी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात वाहून नेल्या जाणाऱ्या लोहाचं प्रमाण) या रक्ततपासण्या करून घ्या; लोहाची गोळी आदल्या दिवशी घेऊ नका. साध्या रिपोर्टवर 30 चं फेरिटिन ‘नॉर्मल’ छापलेलं असतं, पण या आजारात 75 पर्यंतचं फेरिटिन किंवा 20 टक्क्यांखालचं सॅच्युरेशन असेल तर लोह देण्याचा विचार करतात. मनानं घेऊ नका, जास्त लोह यकृताला घातक आहे. औषधांत आता गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिनला पहिली पसंती आहे. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेनं 2025 च्या मार्गदर्शक सूचनांत डोपामाइन गटाचा सरसकट वापर टाळायला सांगितलं. मूत्रपिंड कमजोर असेल तर गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन या दोन्हींचा डोस कमी लागतो, आणि पहिल्या दिवसांत गुंगी येते, तेव्हा गाडी चालवू नका. सर्दी-खाजेवरच्या झोप आणणाऱ्या गोळ्या आणि उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड पायांची वळवळ वाढवतात, तीही डॉक्टरांना दाखवा.

सवय आटोक्यात आल्यावर फाइलच्या पहिल्याच पानावर ‘डोपामाइन अ‍ॅगोनिस्टनं अनावर वर्तन’ असं लिहून घ्या; अ‍ॅगोनिस्ट म्हणजे नक्कल करणारं औषध. पुढे कधी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढल्यावर कॅबर्गोलिन लिहून दिलं जाईल, तेव्हा ही नोंद समोर हवी. तेही याच गटातलं आहे.