अल्बट्रॉसच्या पिल्लाकडे लक्ष कसं द्यायचं, आणि हात कधी लावायचा

अल्बट्रॉस म्हणजे लांब पंखांचा मोठा समुद्रपक्षी. आधीच सांगतो, जंगली अल्बट्रॉसच्या घरट्याजवळ आपण जायचं नसतं, न्यूझीलंडमध्ये तर कायद्यानेच हा पक्षी संरक्षित आहे. डुनेडिनजवळ ओटागो पेनिन्सुलाच्या टोकाला ताइअरोआ हेड आहे, तिथे नॉर्दर्न रॉयल अल्बट्रॉसची वसाहत आहे, आणि पिल्लाला हात लावायचं काम कॉन्झर्वेशन खात्याचे रेंजर करतात. आपल्यासाठी रॉयल कॅम, म्हणजे इंटरनेटवर दिसणारा कॅमेरा, २०१६ पासून एका घरट्यावर लाइव्ह चालू असतो. भारतातून बघणाऱ्यांनी एक हिशोब लक्षात ठेवा, तिकडच्या हिवाळ्यात घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे असतं, म्हणजे दिवसाउजेडी बघायचं तर आपली पहाट आणि सकाळ, दुपारी लावाल तर तिकडे रात्र असेल.

सुरुवात अंड्यापासून. नोव्हेंबरच्या आसपास एकच अंडं, आणि पिल्लू वाढवलं की ती जोडी पुढचं वर्ष सुट्टी घेते, म्हणून एकेक पिल्लू मोलाचं. अंडं उबायला साधारण ८० दिवस लागतात. फुटायची वेळ आली की रेंजर ते काढून इनक्युबेटरमध्ये नेतात आणि पक्ष्याखाली खोटं अंडं सरकवतात, तो बिचारा त्यावर इमानदारीत बसून राहतो. हे कशासाठी, तर माश्या. जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, कवच तडकलं की माश्या तिथे अंडी घालतात आणि अळ्या पिल्लाला जिवंत खातात, ऐकायला किळसवाणं आहे पण पिल्लं दगावण्याचं हे खरंखुरं कारण आहे. पिल्लू सुखरूप बाहेर आलं, कोरडं झालं, की परत आईबापाखाली.

पहिला महिनाभर आईबाप आळीपाळीने पिल्लाजवळ बसतात. नंतर दोघंही समुद्रावर जातात आणि पिल्लू एकटं असतं, इथेच कॅम बघणाऱ्यांचा जीव वरखाली होतो. घाबरू नका, ते ठरलेलंच आहे. या काळात धोका स्टोट आणि फेरेट (मुंगसासारखे दिसणारे छोटे शिकारी प्राणी) आणि मांजर यांचा, त्यासाठी आजूबाजूला सापळे लावलेले असतात.

दुसरा धोका उन्हाचा. वारा पडला आणि ऊन तापलं की पिल्लू चोच उघडी टाकून धापा टाकतं. आता त्या जाड पिसांच्या गोळ्याला पंखा कोण घालणार? रेंजर स्प्रिंकलर चालू करतात. कॅमवर पाणी उडताना दिसलं तर तो पाऊस नसतो.

आता मुख्य काम, वजन. आठवड्यातून एकदा पिल्लाला उचलून काट्यावर ठेवतात, अंगणवाडीत बाळांचं वजन करून तक्त्यात भरतात ना, अगदी तसंच. पिल्लू चोच कटाकटा वाजवून निषेध नोंदवतं. एका आकड्यावरून मात्र काहीच ठरवायचं नाही, कारण नुकतंच पोटभर खाल्लेलं असेल तर काटा उगाच वर जातो आणि दोन दिवस उपाशी असेल तर खाली, म्हणून मागच्या आठवड्यांशी ताडून बघायचं. वजन सतत घसरतंय, किंवा आईबापांपैकी एक बरेच दिवस आलाच नाही, तरच वरून मासे भरवतात. पिल्लू केविलवाणं दिसतंय म्हणून नाही, दिसायला ते कायमच केविलवाणं असतं. माझ्या मते या सगळ्या कामातली अक्कल हीच आहे, भरवायचं कधी नाही हे कळणं.

घरी बसून वही ठेवायची असेल तर एवढं लिहा: कोण आलं, किती वाजता, भरवलं का. कोण ते पायातल्या रंगीत रिंगांवरून कळतं. भरवणं ओळखायला सोपं, पिल्लू मोठ्याच्या चोचीवर टकटक करतं, मग मोठा वाकून अर्धवट पचलेल्या मासळी-माकुलाचं तेलकट कालवण थेट त्याच्या चोचीत ओततो.

हिवाळा सरता सरता दोन गोष्टींवर लोक उगाच गोंधळ घालतात. एक, पिल्लू घरट्यात दिसत नाही, अहो ते फिरायला लागलेलं असतं, शेजारी नवीन घरटंही रचत बसतं. दोन, वजन उतरलं. १० किलोच्या आसपास किंवा वर गेलेलं पिल्लू उडायच्या आधी बारीक होतंच, तेवढं जड शरीर घेऊन उडणार कसं? साधारण आठ महिन्यांचं झालं की सप्टेंबरच्या सुमारास चांगला वारा बघून ते स्वतःच निघतं, ढकलायला कोणी जात नाही, आणि थेट दक्षिण अमेरिकेच्या बाजूला. जमिनीवर पुन्हा पाय टेकायला काही वर्षं लागतात.

न्यूझीलंडमध्ये राहत असाल आणि किनाऱ्यावर असा पक्षी जखमी किंवा थकून बसलेला दिसला, तर पाणी पाजू नका, समुद्रात ढकलू नका, कुत्र्याला दोरीने धरा, लांब उभं राहून खात्याच्या ०८०० ३६२ ४६८ या हॉटलाइनला फोन करा आणि नेमकी जागा सांगा.