अभिक्रिया रासायनिक आहे की केंद्रकीय, हे कसे ओळखावे?

समीकरण हाती आले की प्रथम दोन्ही बाजूंची मूलद्रव्ये ताडून पाहावीत. मिथेन जळताना अणूंमधील बंध तुटून नवे जुळतात, पण कार्बन कार्बनच राहतो, कारण उलथापालथ केवळ इलेक्ट्रॉनांची होते. याउलट युरेनियम-२३८ च्या केंद्रकातून अल्फा कण (दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन यांचा गट) बाहेर पडला की थोरियम-२३४ उरते, म्हणजे मूलद्रव्यच बदलते. येथे वस्तुमानांकांची (प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची एकूण संख्या: २३४ + ४) आणि अणुक्रमांकांची (प्रोटॉनांची संख्या: ९० + २) बेरीज मूळ युरेनियमच्या २३८ आणि ९२ शी जुळते का, हे अवश्य तपासावे, कारण नेमकी हीच पायरी अनेकदा गाळली जाते. त्यानंतर ऊर्जा पाहावी: मिथेनच्या एका रेणूच्या ज्वलनातून सुमारे ९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचे अतिसूक्ष्म एकक), तर युरेनियम-२३५ च्या एका विखंडनातून (केंद्रक फुटण्यातून) सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते, आणि ही तफावत खरोखर थक्क करणारी आहे. शेवटी वेग पाहावा: पदार्थ तापवून किंवा उत्प्रेरक (अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) घालून रासायनिक अभिक्रियेचा वेग बदलतो, पण किरणोत्सारी ऱ्हासाचा, म्हणजे वरच्या युरेनियमसारख्या केंद्रकांच्या आपोआप बदलण्याचा, वेग व्यवहारतः बदलत नाही.